रस्त्याखालचा 'सिमेंटचा' पाईप, कटर आणि फायबरची चर: कुणाला काही माहीत आहे का?

कुळागरवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. डिचोली तालुक्यातल्या आमच्या वाड्यावर अखेर फायबर येतंय. दोन वर्षं नुसतं 'येणार, येणार' ऐकत होतो. मोबाईलला रेंज मिळावी म्हणून आमची कन्या गडग्यावर बसून कॉलेजची असाइनमेंट पाठवते, तेव्हा खुदाई सुरू झाल्याचा आनंद घरात सगळ्यांना झाला. धूळ, खड्डे, जेसीबी, सगळं चालवून घ्यायची तयारी होती.

गेल्या मंगळवारी सकाळी ब्रेकरवाला आमच्या फाटकासमोर चिरा फोडत होता. एकाएकी आवाज बदलला, आणि पुढच्या क्षणी माडाच्या अर्ध्या उंचीएवढा पाण्याचा फवारा. नळाची मेन लाइन फुटली. धावपळ झाली, वरचा व्हॉल्व्ह बंद केला. दोनेक तासांनी कंत्राटदाराचा प्लंबर आला. फुटलेल्या भागाच्या दोन्ही बाजूंना खडूने रेघ मारून त्याने हातातल्या कटरने पाईप कोरडाच कापायला घेतला.

तो ढग मी बाल्कांवात (घरापुढच्या सोप्यात) बसून पाहिला. पांढरट-करडा, पिठाच्या गिरणीत दार उघडल्यावर येतो तसा. वारा नेमका घराकडे. अंगणात चटईवर सोलं (कोकमाची सालं) वाळत होती. लालभडक सोलांवर कुणीतरी तांदळाचं पीठ भुरभुरवावं तशी ती धूळ बसली. कापणारा पोरगा विशीतला. तोंडाला रुमाल. काम झाल्यावर त्याने ब्रेकरच्या कॉम्प्रेसरची नळी घेऊन केस आणि शर्ट झाडला, म्हणजे पुन्हा एक ढग.

सुपरवायझरला विचारलं तर म्हणाला, "काका, सिमेंटचा पाईप आहे, काळजी करू नका."

आता माझी पंचाईत अशी की मी म्हापशात एका हार्डवेअरच्या दुकानात अकरा वर्षं स्टॉकची वही लिहिली. 'ए.सी. प्रेशर पाईप, क्लास १०' असं मीच शेकडो वेळा लिहिलं असेल. त्यातला ए.सी. म्हणजे ॲस्बेस्टॉस सिमेंट, एवढं मला ठाऊक होतं. त्यापुढे काय, ते माहीत नव्हतं. त्या रात्री वाचत बसलो, ॲस्बेस्टॉसची धूळ छातीत गेली तर घातक असते हे कळलं आणि झोप उडाली.

तर विचारायचं असं. एवढ्या एका धुळीने काय होतं? सोलं टाकून द्यावी का? (सौ. ऐकायला तयार नाही, आठवड्याची मेहनत आहे.) कापलेले तुकडे फणसाखाली गटारात तसेच पडलेत, त्यांचं काय करायचं? आणि मुख्य म्हणजे अजून दीड किलोमीटर चर बाकी आहे.

---

बाल्कांवकर

पहिला! :)

कुळागरवाले, राग मानू नका, पण उगाच भुई धोपटताय. अर्धा गोवा सिमेंटच्या पत्र्याखाली राहतो. आमच्या गोठ्यावर तीस वर्षं तेच पत्रे आहेत. गाई मेल्या त्या म्हातारपणाने. डिचोलीच्या माणसाने धुळीला भ्यायचं? खाणीच्या ट्रकांची लाल धूळ आपण भाताबरोबर खाल्ली आहे. आणि पाईप इतका वाईट असता तर सरकारने आयएसआयचा शिक्का मारून विकू दिला असता का? आधी फायबर येऊ दे. एक तक्रार केलीत तर काम दोन वर्षं बंद पडेल, मग बसा गडग्यावर.

---

स्प्लायसर

मी या धंद्यातलाच, म्हणून लिहितो. कुठल्या कंपनीचं काम करतो ते विचारू नका.

आमच्याकडे कामाची उतरंड अशी: वर मोठी एजन्सी, तिच्याखाली कंत्राटदार, त्याच्याखाली पोटकंत्राटदार, आणि शेवटी टोळीचा मुकादम. मुकादमाला पैसे मीटरवर मिळतात. कागदावर केबल १६५ सेंटीमीटर खोल जायला हवी. आपल्या चिऱ्यात तेवढं जाणं किती कठीण ते इथल्या कुणालाही सांगायला नको, मग कमी खोलीवर काँक्रीट घालून भागवतात. कमी खोल गेलात की जुन्या पाण्याच्या लाइनी लागणारच, कारण त्याही त्याच चिऱ्यातून, त्याच कारणाने वरवर टाकलेल्या.

वरच्या माणसाला नकाशाबद्दल थोडंफार माहीत असतं. कटर ज्याच्या हातात असतो त्याच्यापर्यंत त्यातलं काही पोचत नाही. एक खरा किस्सा सांगतो. ड्रॉइंगवर 'एसी पाईप' लिहिलेलं होतं. साइटवर नवा इंजिनिअर आलेला, डिप्लोमा करून चार महिने झालेले. त्याने मला गंभीरपणे विचारलं, "रस्त्याखाली एअर कंडिशनचा पाईप कशाला घातलाय?" तेव्हा आम्ही सगळे हसलो. खरं सांगायचं तर हसणाऱ्यांपैकी निम्म्यांना तरी उत्तर कुठे माहीत होतं.

---

पातोळी

कुळागरवाले, तुमचा धागा वाचला आणि २०१३ आठवलं. मी मूळची फोंड्याची, गेली सोळा वर्षं सिडनीच्या पश्चिमेला राहते. हे अख्खं नाटक आमच्या शेजारी होऊन गेलंय.

ऑस्ट्रेलियात तेव्हा सरकार देशभर नवं ब्रॉडबँड घालत होतं, एनबीएन म्हणतात त्याला. नवी चर खणण्याऐवजी टेल्स्ट्रा या जुन्या टेलिफोन कंपनीचे भूमिगत नळ आणि फुटपाथवरचे खड्डे (इथे 'पिट' म्हणतात, तुमच्याकडचे केबलचे चेंबर) भाड्याने घ्यायचे ठरलं होतं. कोट्यवधी डॉलर्सचा करार, २०११ सालचा. यातले कित्येक जुने पिट ॲस्बेस्टॉस सिमेंटचे. जमिनीत पडून होते तोवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं. फायबरसाठी जागा कमी पडायला लागली तसे ते फोडून मोठे करायचे काम निघालं. ते काम पोटकंत्राटदारांकडे गेलं, आणि पुढचं स्प्लायसर यांनी लिहिलंच आहे.

मे २०१३ मध्ये पेनरिथमध्ये लोकांच्या घरांसमोर फोडलेल्या पिटचे तुकडे नीट न झाकता पडलेले सापडले. काही कुटुंबांना घरं सोडून हॉटेलात राहावं लागलं. मुलं त्या फुटपाथवर खेळलेली. टेल्स्ट्राने देशभर पिटचं ते काम थांबवलं. मंत्री बिल शॉर्टन यांनी सगळ्यांना एका टेबलाशी बसवलं. मग प्रशिक्षण, देखरेख, तपासणी असं सगळं नव्याने ठरवून काम परत सुरू झालं. त्याच वर्षी इथे ॲस्बेस्टॉससाठी वेगळी राष्ट्रीय संस्था निघाली.

आणि हे त्या देशात, जिथे ॲस्बेस्टॉसवर ३१ डिसेंबर २००३ पासून पूर्ण बंदी होती! जिथे विटनूमच्या निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, ती १९६६ मध्ये बंद झाली तरी त्या गावची माणसं अजून मरतायत. इतकं सगळं माहीत असूनही फुटपाथवर तुकडे पडलेच. कारण माहिती होती कंपनीच्या हापिसात, आणि हातोडा होता फुटपाथवर.

बाल्कांवकर, तुमचा मुद्दा तिथेही निघाला होता बरं का. निवडणुकीचं वर्ष, त्यामुळे 'काम लांबवायचा डाव' वगैरे बरंच झालं.

---

बाल्कांवकर

@पातोळी, ऑस्ट्रेलियाची श्रीमंती आम्हाला कुठली! त्यांना हॉटेलात ठेवलं, आम्हाला सरपंच चहा तरी पाजेल का?

पण शिक्क्याचा प्रश्न तसाच राहिला. विष असेल तर विकतात कसं?

---

कलम_एकवीस

वकिली करतो, पणजीत. बाल्कांवकर, विकतात कारण आपल्याकडे बंदी नाही. गंमत अशी की देशात ॲस्बेस्टॉसच्या खाणी सरकारने केव्हाच थांबवल्या, नवे पट्टे दिले नाहीत. पण पांढरं ॲस्बेस्टॉस, म्हणजे क्रिसोटाईल, बाहेरून आणून त्याचे पत्रे करायला मोकळीक. रशिया, कझाकस्तान आणि ब्राझील इथून येतं. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्वतःच्या देशात बंदी घातली, पण खाण चालू राहिली ती निर्यातीसाठी. त्या राज्याचं नाव गोयास. गोंयकारांनी नोंद घ्यावी. :)

आयएसआयचा शिक्का म्हणजे पाईप किती दाब सोसतो याचा दाखला. तो कापताना निघणाऱ्या धुळीबद्दल वेगळे मानक आहेत: आयएस ११७६९ हे ॲस्बेस्टॉस सिमेंट सुरक्षित कसं हाताळायचं त्याचं, आयएस ११७६८ हे कचऱ्याच्या विल्हेवाटीचं. दोन्ही कित्येक वर्षांपूर्वीचे. साइटवर मी ते एकदाही पाहिलेले नाहीत.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, २७ जानेवारी १९९५ चा, कंझ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या याचिकेवर. कामगाराचं आरोग्य हा कलम २१ खालचा, म्हणजे जगण्याचा मूलभूत हक्क (माझं इथलं नाव तिथूनच). ॲस्बेस्टॉसच्या उद्योगांनी प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, जे उशिरा येईल तोवर, जपून ठेवायची असं त्यात आहे. आजार दिसायलाच तेवढा काळ लागतो म्हणून.

आता सांगा, कुळागरवाल्यांच्या फाटकासमोरच्या त्या पोराचं नाव कुठल्या मस्टरवर आहे? चाळीस वर्षं कोण जपणार? तो पुढच्या महिन्यात बेळगावला असेल.

---

फिटर_निवृत्त

नमस्कार. मुलगा टाइप करून देतोय, चूकभूल माफ करा. मी सार्वजनिक बांधकाम खात्याच्या पाणीपुरवठ्यात ३१ वर्षं फिटर होतो. बहुतेक डिचोली-साखळी भागातच.

एसी पाईप आम्ही घातले, आम्हीच कापले. तेव्हा वीजेचे कटर नव्हते. मोठी करवत, दोघांनी दोन बाजूंनी ओढायची. पाईपावर ओलं बारदान टाकायचो आणि एकजण तांब्याने पाणी सोडत राहायचा. हे तब्येतीसाठी करत होतो असं नाही हं. कोरड्यात करवतीचे दात लवकर जायचे आणि नवं पान स्टोअरमधून मिळायला पंधरा दिवस लागायचे, म्हणून. आता कळतं की त्या पाण्याने आमचं रक्षण केलं. कटर आला तेव्हा आम्हाला वाटलं, काय सोय झाली! दोन मिनिटांत काम. पाणी टाकणारा तांब्यावाला मग कशाला हवा.

कुळागरवाले, तुमच्या प्लंबरने चूक केली ती पहिली ही की कापला. एसी पाईप मधे कापायचाच नाही. दोन्ही बाजूंना मागे खणत जायचं, सीआयडी जॉइंट लागतो. बिडाचा असतो, बोल्टवाला. गंजलेले असले तर रॉकेल सोडून रात्रभर ठेवायचे. बोल्ट सोडवले की पाईपाची पूर्ण लांबी अखंड बाहेर निघते. त्या जागी डीआयचा (लोखंडाचा) किंवा एचडीपीईचा (प्लास्टिकचा) तुकडा बसवायचा. वेळ जास्त लागतो हे खरं. पण कापायची वेळच येत नाही.

ओळखायचा कसा, तर रंग करडा, वरून गुळगुळीत, चिऱ्याच्या मातीने तांबूस झालेला. काँक्रीटच्या पाईपाला फोडलं की खडी दिसते. याच्यात खडी नसते. फुटलेल्या कडेला बारीक केस दिसतात, काथ्याचं सूत उसवल्यासारखे. वाजवून पाहिलात तर डब असा आवाज, लोखंडासारखा खणखणीत नाही.

आमच्या गँगमध्ये सहाजण होतो. दोघं दम्याने गेले. तंबाखू सगळेच ओढायचे, त्यामुळे मी काही बोलू शकत नाही.

---

पातोळी

फिटरकाका, __/\__

तांब्यावाला माणूस काय आठवलात! इथे त्याच कामाला आता परवानाधारक माणूस लागतो, अंगभर एकदाच वापरायचा पांढरा सूट, आणि त्याचं बिल पाहून दम लागतो.

---

फुफ्फुसकर

डॉक्टर आहे, छातीच्या आजारांचा. 'एका धुळीने काय होतं' याचं उत्तर घाबरवणारंही देऊ नये आणि खोटं धीराचंही देऊ नये, म्हणून जरा सविस्तर.

हवेत उडणारे ॲस्बेस्टॉसचे सुटे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. तुम्हाला दिसला तो ढग मुख्यतः सिमेंटचा होता. त्यातले बारीक तंतू ढग खाली बसल्यावरही तासन्‌तास हवेत तरंगतात. श्वासातून खोल गेले की शरीराला ते विरघळवता येत नाहीत, बाहेरही टाकता येत नाहीत. त्यातून ॲस्बेस्टोसिस (फुफ्फुस घट्ट होत जाणं), फुफ्फुसाचा कर्करोग आणि मेसोथेलिओमा (मुख्यतः फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग) हे आजार होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पांढऱ्यासकट सगळे प्रकार कर्करोगकारक. आजार दिसायला साधारण वीस ते चाळीस वर्षं, कधी त्याहून जास्त.

पण मात्रा महत्त्वाची. एकदा, मोकळ्या हवेत, काही मिनिटं: कुळागरवाले, तुमचा धोका फार लहान आहे. शून्य म्हणणार नाही, पण त्यावर झोप घालवू नका. उद्या एक्सरे काढायला धावू नका, त्यात काहीही दिसणार नाही. रक्ताची अशी तपासणीही नाही. खरी काळजी मला त्या पोराची वाटते. तो हे दर आठवड्याला, वेगवेगळ्या गावात करत असणार. विडी-सिगारेट ओढत असेल तर दोन्ही मिळून फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसता वाढत नाही, गुणला जातो. फिटरकाकांनी जे प्रामाणिकपणे लिहिलंय की तंबाखू होता म्हणून सांगता येत नाही, तीच अडचण आम्हाला ओपीडीत येते. 'खाणीत होतो', 'शेतात होतो' असं रुग्ण सांगतात. 'एसी पाईप कापायचो' हे कुणी सांगत नाही, कारण ती सांगण्यासारखी गोष्ट आहे हेच माहीत नसतं. आणि आम्हीही विचारत नाही, हेही लिहायला हवं.

नळाचं पाणी: त्याला घाबरू नका. पोटातून गेलेल्या ॲस्बेस्टॉसने अपाय होतो असा सुसंगत पुरावा नाही, म्हणून आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यासाठी मर्यादाही ठरवलेली नाही. अमेरिकेने सावधगिरी म्हणून घातली आहे, ती वेगळी गोष्ट. धोका श्वासाचा.

आता अंगण. झाडू मारू नका. कोरडा झाडू म्हणजे पुन्हा तोच ढग. पाण्याचा हलका शिडकावा करून ओल्या फडक्याने पुसा, फडकी धुऊन वापरू नका, पिशवीत बांधून टाका. त्या दिवशीचे कपडे झटकू नका. आणि वहिनींना सांगा, सोलं टाकून द्या. खाण्याने काही होईल म्हणून नव्हे, ती उलटीपालटी करताना, झटकताना धूळ परत उडेल म्हणून.

---

कुळागरवाला

डॉक्टर, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद घरात मोठ्याने वाचून दाखवला. सोलं पिशवीत गेली. (चटईसकट. चटईवरून जे ऐकलं ते इथे लिहीत नाही.)

त्या पोराशी बोललो. दुपारी फणसाखाली जेवायला बसलेला. मूळचा झारखंडचा, गोव्यात सहा महिने. त्याला 'ॲस्बेस्टॉस' म्हटलं तर कळेना. 'सिमेंटवाला पाईप' म्हटल्यावर कळलं. म्हणाला, खोकला येतो कधी कधी, पण तो सगळ्यांनाच येतो. रोजचे किती कापतोस? आठवड्याला दोन-तीन. मी त्याला फिटरकाकांची बोल्ट सोडवायची युक्ती सांगितली. तो म्हणाला, मुकादम तेवढा वेळ देणार नाही.

---

बाल्कांवकर

बरं, मी माझे शब्द थोडे मागे घेतो. थोडेच.

पण मग माझ्या गोठ्यावरच्या पत्र्यांचं काय? ते काढू का? आणि काल फायबरचा माणूस आमच्या पडवीच्या पत्र्यातून ड्रिल मारून केबल आत घेऊन गेला, ते काय होतं मग?

---

स्प्लायसर

@बाल्कांवकर, ते आमचंच पाप. शेवटच्या टप्प्यातलं काम, खांबावरून घरात केबल नेण्याचं. गोव्यात बऱ्याच घरांना कौलं असली तरी पडवी, स्वयंपाकघराची मागची ओसरी, गॅरेज यांवर सिमेंटचे पत्रे असतात, आणि केबल नेमकी तिथूनच आत येते. ड्रिल घेतला, भोक पाडलं, फुंकर मारली. हो, फुंकर. भोक साफ करायला तोंडाने फुंकतो आम्ही.

हा धागा वाचल्यावर दोन गोष्टी सुरू केल्यात. एक, शक्य असेल तिथे पत्र्याला हातच लावत नाही. खिडकीच्या चौकटीतून किंवा चिऱ्याच्या भिंतीतून घेतो, दोन मीटर केबल जास्त जाते. दोन, पत्र्यातूनच जायचं असेल तर ब्रिटनच्या सुरक्षा खात्याच्या सूचनांत वाचलं ते करतो: जिथे भोक पाडायचं तिथे दाढीच्या फेसाचा जाड थर द्यायचा आणि ड्रिल हळू फिरवायचा. धूळ फेसात अडकते. मग फेस ओल्या फडक्याने पुसून पिशवीत. काल पहिल्यांदा केलं. घरच्या आजी म्हणाल्या, "पत्र्याची दाढी करतोस काय रे?"

---

फुफ्फुसकर

@बाल्कांवकर, अखंड पत्रे आहेत तिथेच असू द्या. तारेच्या ब्रशने शेवाळ घासायचं नाही, त्यावर चढायचं नाही, फुटलेला पत्रा ओढून काढायचा नाही. वाईट काय करतं तर तोडणं, घासणं, कापणं.

@स्प्लायसर, फेसाबरोबर तोंडावरही काहीतरी हवं. रुमाल आणि कापडी मास्क यांचा इथे उपयोग नाही. एफएफपी३ दर्जाचा मास्क घ्या, चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाढी वाढवलेली असेल तर तो बसत नाही. तेव्हा तो फेस आधी स्वतःला लावा.

---

कलम_एकवीस

तुकड्यांबद्दल कुणीच बोललं नाही. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या नियमांच्या पहिल्या अनुसूचीत ॲस्बेस्टॉसची नोंद आहे, भले ती उत्पादनाच्या कचऱ्याच्या मथळ्याखाली असो. तेव्हा फणसाखाली, गटारात, किंवा (हे मी डोळ्यांनी पाहिलंय) खड्ड्यात भर म्हणून टाकणं चालणार नाही. आपल्या राज्यात घातक कचऱ्याचं केंद्र पिसुर्ल्याला आहे. तुम्ही स्वतः नेऊ नका. ज्याने कापलं त्याची ती जबाबदारी. पंचायतीला, खात्याला आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला एकच पत्र तीन प्रतींत द्या, फोटोसह, आणि पोच घ्या. तोवर तुकडे ओले करून जाड प्लास्टिकमध्ये दुहेरी गुंडाळा. मोडू नका.

दुसरं, चर खणण्याआधी जमिनीखालच्या लाइनींच्या मालकांना कळवायला केंद्राने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं ॲप काढलंय. खणणारा त्यावर कळवतो, मालक खात्याला निरोप जातो. कंत्राटदाराला सरळ विचारा, नोंद केली होती का? काम बंद पाडायची गरज नाही. पंचायतीने परवानगीत एक ओळ घातली तरी पुरे: पाण्याची जुनी लाइन लागल्यास यंत्राने कापू नये.

---

फिटर_निवृत्त

वकीलसाहेब, ॲप चांगलं. पण खात्याला निरोप गेला तरी खातं काय सांगणार? नकाशात आहे तेवढंच.

आमच्या वेळी एसी लाइनच्या जागी डीआय आली तेव्हा जुनी लाइन काढली नाही. कोण खणणार? दोन्ही टोकं बंद केली आणि सोडून दिली. पुढे रजिस्टर बदललं, मग ऑफिस बदललं. आता त्या मेलेल्या लाइनी कागदावर नाहीत. चालू लाइनीचं बरं असतं, फुटली की पाणी उडतं, लोक थांबतात. मेलेली फुटली तर कुणाला कळतही नाही. ब्रेकर सरळ आरपार जातो आणि भुगा मातीत मिसळतो, मग तीच माती चरीवर परत ओढतात.

कुळागरवाले, तुमचा वाडा कुठला ते मी फणसावरून आणि व्हॉल्व्हवरून ओळखलं. तुमच्या फाटकापासून सातेरीच्या देवळापर्यंतची लाइन मीच घातलीय. देवळाच्या वळणापुढे ती मेलेली आहे. रस्त्याच्या डाव्या अंगाने जाते, व्हाळाच्या मोरीपाशी उजवीकडे वळते. तुमचे ते उरलेले दीड किलोमीटर हेच. शनिवारी सकाळी मुलगा मला स्कूटरवरून आणेल. चुन्याची एक पिशवी आणून ठेवा.

---

कुळागरवाला

अपडेट देतो.

फिटरकाका आले. वय पंचाहत्तरच्या पुढे, हातात काठी. रस्त्याने चालता चालता मधेच थांबायचे, डोळे बारीक करून कुठलासा गडगा, कुठलंसं आंब्याचं झाड बघायचे आणि काठी टेकून म्हणायचे, "हंगा." (इथे.) मी चुना टाकत मागे. दोन ठिकाणी झाड तुटलेलं होतं, तिथे घोटाळला अंदाज. मोरीपाशी त्यांनी मुकादमाला हाताने खणायला लावलं. साडेतीन फुटांवर करडी पाठ दिसली. मुकादम गप्प झाला. त्यालाही नकाशात काहीच दिलं नव्हतं.

झारखंडच्या त्या पोराने खाली उतरून पाईपावर बोट फिरवलं आणि काकांना विचारलं, "आपने कितने काटे?" काकांनी त्याला दम देऊन बोट पँटला पुसू नको, पाण्याने धू म्हणून सांगितलं. उत्तर दिलं नाही.

चर आता रस्त्याच्या दुसऱ्या अंगाने जातेय. दोन जागी ओलांडावं लागेल, तिथे पाईपाखालून बोगदा घेणार म्हणतात. पत्राची पोच मिळाली, तुकडे अजून फणसाखालीच, निळ्या ताडपत्रीत बांधलेले. तिसऱ्यांदा फोन केला, 'गाडी पाठवतो' म्हणाले.

काल रात्री पहिला पाऊस पडला. चुना सगळा वाहून गेला.

---

फिटर_निवृत्त

चुना जाणारच होता. भेड्या माडाच्या खुंट्या करून ठेवा, दर दहा पावलांवर एक. रविवारी येतो. यावेळी त्या पोरालाही बरोबर घ्या, त्याला दाखवतो.